सगळ्यात लहान, सगळ्यात हलकं पिस्तूल घेऊ का?

प्रश्न: अंबाजोगाई-लातूर रस्त्याला आमचा पेट्रोल पंप आहे. वडील गेल्यापासून चार वर्षं मीच बघते. रात्री साडेदहाला हिशेब मिटवून गाडीने घरी येते, बऱ्याचदा रोकड सोबत असते. मागच्या दिवाळीत मोटारसायकलवरून दोघांनी तीन किलोमीटर माझा पाठलाग केला. त्यानंतर अर्ज केला, चौकशी झाली, आता परवाना हातात आला आहे. माझा हात लहान आहे, वापर साडी किंवा पंजाबी ड्रेसचा. भाचा म्हणतो, "मावशी, सगळ्यात छोटं घे, पर्समध्ये टाकलं की विषय संपला." त्याने मोबाईलवर दोनशे-अडीचशे ग्रॅमची अमेरिकी पिस्तुलं दाखवली. आपल्याकडचं 'निडर' पण 250 ग्रॅमचंच आहे म्हणे. पंपावरचा एक जण म्हणतो, एवढे पैसे घालू नका, बॉर्डरवरून स्वस्तात विदेशी माल आणून देतो. घरात सहा वर्षांचं लेकरू आहे. काय घेऊ?
— एक भगिनी, बीड जिल्हा

ताई, हत्यार कुठलंही घ्या, पण पर्समध्ये ठेवू नका. बाकीचं सावकाश सांगतो. एवढं मात्र आधी, कारण तुमचं पत्र वाचताना माझा जीव त्याच ओळीवर अडकला.

मी पोलीस दलात होतो. एकतीस वर्षांतली निम्म्याहून जास्त जिल्हा मुख्यालयाच्या शस्त्रागारात आणि फायरिंग बटवर, म्हणजे गोळीबाराच्या सरावाच्या मैदानावर, गेली. आधी शिपायांना शिकवलं, पुढे महिला शिपायांना, आणि निवृत्तीनंतर परवाना मिळालेल्या व्यापारी, डॉक्टर, गुत्तेदार मंडळींना. पर्समधलं, गाडीच्या डॅशबोर्डमधलं, उशीखालचं हत्यार काय करतं ते मी पाहिलं आहे.

तुमच्या मागे आलेल्या त्या दोघांना काय हवं होतं? पर्स किंवा बॅग. हिसकावणाऱ्याचा हात सगळ्यात आधी जिथे जाणार, तिथेच तुम्ही हत्यार ठेवायला निघालात. आपल्या भागात रोकड उडवणाऱ्यांची जुनी पद्धत तुम्हीही ऐकली असेल. बाजूने येऊन "ऑईल गळतंय", "टायर बसलंय" असं खुणावायचं, आपण उतरून वाकून बघतो तोवर दुसऱ्या दारातून सीटवरची बॅग लंपास. त्या बॅगेत हत्यार असलं तर रोकड जाईल ती जाईल, वर तुमच्या परवान्यावर नंबर चढलेलं भरलेलं हत्यार चोराच्या हातात. उद्या त्याने कुणाचा जीव गेला तर तपास पहिल्यांदा तुमच्या दारात येतो.

आणि घरी आल्यावर पर्स कुठे असते? खुंटीला, सोफ्यावर, जेवणाच्या टेबलावर. लेकरू आईच्या पर्समध्ये हात घालणारच, त्याला तिथे चॉकलेट सापडतं. चाप कडक आहे, लहान मुलाला ओढणार नाही, असं सांगणारे भेटतील. ऐकू नका. लेकरू हत्यार उलटं धरून दोन्ही अंगठे लावतं, आणि तेव्हा नळी त्याच्याच तोंडाकडे असते.

आता भाच्याने दाखवलेल्या पिस्तुलांविषयी. अमेरिकेत ती खरोखर आहेत. केल-टेक कंपनीचं पी-32 रिकामं असताना 190 ग्रॅमच्या आतबाहेर भरतं. रुगरचं एलसीपी 2008 मध्ये आलं, ते साधारण 265 ग्रॅमचं. तिकडे लोक ती पँटच्या खिशात घालून फिरतात. पण तिकडची गोष्ट तिकडे. परदेशी बनावटीची पिस्तुलं-रिव्हॉल्व्हर नागरिकांसाठी आयात करणं आपल्याकडे 1980 च्या दशकापासून बंद आहे. त्याआधी आलेली जुनी वेब्ली, वॉल्थर वगैरे परवानाधारकांत फिरतात आणि त्यांचे भाव अव्वाच्या सव्वा असतात. चाळीस-पन्नास वर्षांच्या स्प्रिंगवर तुमचा जीव टांगावा असं मला वाटत नाही. शिवाय 9 एमएम आपल्याकडे प्रतिबंधित बोअर आहे. बोअर म्हणजे नळीचं आतलं माप. तुमच्या परवान्यावर एनपीबी असं लिहिलेलं असेल, म्हणजे प्रतिबंध नसलेला बोअर. त्यात बाजारात मिळणारं हाताचं हत्यार बहुतेक करून .32 किंवा .22 चं असतं, हे आकडे इंचातले. मोबाईलवर बघितलेल्या यादीतलं जवळजवळ काहीच तुम्हाला लागू नाही, ती बाजूला ठेवा.

मग उरतात ती आपल्याकडची. पश्चिम बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्याचं 'निडर', .22 चं, 250 ग्रॅम. कानपूरचं 'निर्भीक', .32 चं रिव्हॉल्व्हर, टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, सुमारे 500 ग्रॅम. दिल्लीच्या 2012 च्या घटनेनंतर, 2014 मध्ये ते खास महिलांसाठी म्हणून काढलं, तेव्हा किंमत 1 लाख 22 हजारांच्या घरात होती. आणि कानपूरचंच 2023 मध्ये आलेलं 'प्रबल', तेही .32 चं, 700 ग्रॅम, नळी 76 मिलिमीटर. पिस्तुलात .32 चं 'अशनी' आहे. अलीकडे उत्तर प्रदेशात संडीला इथे वेब्लीच्या नावाने रिव्हॉल्व्हर बनू लागली आहेत, तीही दुकानात दिसतील.

तुमचा प्रश्न असा की यातलं सगळ्यात हलकं घेऊ का. माझं उत्तर नाही असं आहे. हलकं हत्यार वागवायला सोपं आणि चालवायला अवघड. दुकानात आपण वागवण्याचा विचार करतो, कारण तिथे काउंटरवर ते नुसतं हातात घेऊन बघायचं असतं. चालवण्याची वेळ येते तेव्हा अंधार असतो, हात थरथरत असतात आणि छाती भात्यासारखी चालत असते.

हे कसं ते नीट सांगतो, कारण दुकानदार सांगणार नाही. डबल अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हरमध्ये एकाच ओढीत चाप घोडा मागे नेतो, काडतुसांचं चक्र फिरवतो आणि घोडा सोडतो. त्या ओढीला साधारण साडेचार-पाच किलोचा जोर लागतो. आता हत्यारच अडीचशे ग्रॅमचं असलं, मोबाईलपेक्षा थोडंसं जड, तर त्याच्या वजनाच्या वीसपट जोर तुम्ही एका बोटाने लावता आहात. नळी हलणार नाही तर काय होईल? ओढ संपेपर्यंत ती खाली आणि एका बाजूला गेलेली असते. बटवर नवशिक्या शिपायाच्या टार्गेटवर सगळे राऊंड खाली एका कोपऱ्यात दिसायचे, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असायचं. हत्यारात जरा वजन असलं की ते वजनच हात धरून ठेवतं.

दुसरं, नळी आखूड असली की नेम धरायची मागची खाच आणि पुढची माशी यांच्यातलं अंतरही कमी होतं. समजा ते अंतर 10 सेंटिमीटर आहे आणि तुमची माशी एक मिलिमीटर सरकली. सात मीटरवर गोळी सात सेंटिमीटर बाजूला जाईल. तेच अंतर सात सेंटिमीटर असलं तर गोळी दहा सेंटिमीटर बाजूला. एक मिलिमीटर म्हणजे भाकरीच्या पापुद्र्याएवढं. घाबरलेला हात त्याहून कितीतरी जास्त हलतो.

आणि तिसरं, धक्का. काडतूस तेच ठेवून हत्याराचं वजन निम्मं केलं तर मागे येणाऱ्या धक्क्याची ऊर्जा दुप्पट होते. .32 चा धक्का मुळात फार नाही, 'निर्भीक'वरही तो सोसतो. पण माझ्या अनुभवात धक्क्यापेक्षा वाईट असते धक्क्याची भीती. पहिला राऊंड तळव्याला झोंबला की दुसऱ्या राऊंडला माणूस डोळे मिटतो आणि चाप ओढायच्या आधीच मनगट खाली दाबतो. अशा हत्याराने सराव करावासा वाटत नाही, आणि सराव नसलेलं हत्यार कंबरेला लावलेलं लोखंड आहे.

'निडर'च्या बाबतीत धक्का हा प्रश्नच नाही, .22 चा धक्का नगण्य असतो. तिथे अडचण वेगळी. .22 च्या काडतुसात ठिणगीचं रसायन बुडाच्या कडेत भरलेलं असतं, .32 सारखं मध्ये टोपीत नसतं. त्यामुळे फुसका निघण्याचं प्रमाण त्यात जास्त. रिव्हॉल्व्हरमध्ये पुन्हा चाप ओढला की पुढचं काडतूस समोर येतं, हे खरं. पण गोळीचा जोरही .32 पेक्षा कमी. ज्यांच्या बोटांत संधिवात आहे, .32 चा चाप ज्यांना खरंच ओढत नाही, त्यांना मी .22 घ्या म्हणतो. तुम्ही पंपावर ऑईलचे डबे उचलणाऱ्या बाई आहात. तुमच्या हाताला काय झालंय?

लहान हात म्हणजे लहान हत्यार असंही नाही. मूठ फार लहान असली की करंगळीला जागाच उरत नाही, ती खाली लोंबकळते, आणि पकड निम्मी होते. तुमच्यापेक्षा लहान हाताच्या पोरींना मी सर्व्हिस रिव्हॉल्व्हर शिकवलं आहे. दुकानात गेल्यावर असं करा. दुकानदाराला हत्यार उघडून रिकामं दाखवायला सांगा, मग तुम्ही स्वतः उघडून बघा, आणि चक्राच्या प्रत्येक घराला, म्हणजे काडतूस बसतं त्या भोकाला, करंगळीचं टोक लावून खात्री करा. त्याचा राग धरणारा दुकानदार असेल तर दुसरं दुकान बघा. मग मूठ धरा. मधलं बोट, अनामिका, करंगळी, तिन्ही मुठीवर बसली पाहिजेत. तर्जनीचं पहिलं पेर मनगट न वळवता चापावर टेकलं पाहिजे. नंतर दुकानदाराची परवानगी घेऊन, नळी भिंतीकडे ठेवून, घोडा हाताने न ओढता नुसत्या चापाने दहा-बारा वेळा रिकामं चालवा. .32 ला याने काही होत नाही. .22 ला मात्र असं रिकामं चालवू नका, त्याची पिन घराच्या कडेवर आपटून खराब होते. शेवटी नळीवर, माशीच्या मागे, एक रुपयाचं नाणं ठेवायला सांगा आणि चाप ओढा. नाणं पडलं तर हत्यार हललं. दहापैकी सात-आठ वेळा नाणं टिकेल ते हत्यार तुमचं. हीच चाचणी 'निर्भीक'वर आणि 'प्रबल'वर, दोन्हींवर करा.

माझा स्वतःचा कल 'प्रबल'कडे आहे. दोनशे ग्रॅम जास्त असले तरी ते दोनशे ग्रॅम तुमच्या हाताच्या बाजूने काम करतात. त्याचं चक्र बाजूला उघडतं, तर 'निर्भीक' जुन्या वेब्लीसारखं मधून दुमडून उघडतं. बाजूला उघडणारं हत्यार भरायला-रिकामं करायला नव्या माणसाला सोपं जातं असं मी पाहिलं आहे. जाहिरातीत 50 मीटरचा पल्ला वगैरे लिहिलेला असतो, त्याचा विचारच करू नका. तुमचं अंतर गाडीच्या दारापासून दोन-चार मीटर. पण एक गोष्ट प्रामाणिकपणे तपासा. 700 ग्रॅम वैशाखाच्या उन्हात, 42 अंशांत, दिवसभर कंबरेला वागवाल का? जड म्हणून चौथ्या दिवशी ते टेबलाच्या खणात जाणार असेल तर 500 चं घ्या. त्याखाली जाऊ नका.

पिस्तूल घेऊ की रिव्हॉल्व्हर, हे तुम्ही विचारलं नाही. बहुतेकांना दोन्ही एकच वाटतात. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसं फिरत्या चक्रात असतात, पिस्तुलात मुठीत बसणाऱ्या मॅगझिनमध्ये. तुमच्यासाठी मी रिव्हॉल्व्हर म्हणतो. पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढायला मनगटात जोर लागतो, आणि छोट्या पिस्तुलाची स्प्रिंग मोठ्यापेक्षा कडक असते, हे लोकांच्या लक्षात येत नाही. मनगट सैल राहिलं तर ते अडकतं, आणि अडकलेलं पिस्तूल अंधारात मोकळं करणं नवख्याचं काम नाही. त्याहून मोठं कारण असं की मॅगझिन बाहेर काढलं तरी एक राऊंड नळीत उरलेला असू शकतो. "रिकामं आहे" म्हणत झालेले जे अपघात माझ्यासमोर आले, त्यातले बरेच पिस्तुलाचे होते. रिव्हॉल्व्हर उघडलं की सहाच्या सहा घरं डोळ्यांना दिसतात. दिवसभराच्या कामाने थकलेल्या माणसासाठी याला किंमत आहे. फक्त एक करा. सोबतच्या पुस्तिकेत बघा की हत्यार खाली पडलं तर गोळी सुटू नये अशी सोय त्यात आहे का. जुन्या घडणीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोड्याखालचं घर रिकामं ठेवून पाचच भरायची पद्धत होती. शंका असेल तर तीच पाळा.

आता ठेवायचं कुठे. शस्त्र नियम 2016 मध्ये असं आहे की सार्वजनिक जागी हाताचं हत्यार होल्स्टरमध्ये, म्हणजे अंगावर लावायच्या म्यानात, किंवा तशाच पाऊचमध्ये असलं पाहिजे, पूर्ण झाकलेलं असलं पाहिजे आणि तुमच्या ताब्यात असलं पाहिजे. म्हणजे लपवून वागवणं ही आपल्याकडे हौस नाही, कायद्याचीच अपेक्षा आहे. ज्यांना शर्ट वर करून मूठ दाखवायची सवय असते, ते नियम मोडत असतात. बीड जिल्ह्यात 2025 च्या सुरुवातीला शंभराहून जास्त परवाने रद्द झाले, ते तुम्ही जवळून पाहिलंच असेल. हवेत बार काढणाऱ्यांचे व्हिडिओही पाहिले असतील. 2019 च्या दुरुस्तीनंतर आनंदाच्या भरात बार काढण्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. लग्नात कुणी आग्रह केला तरी हत्यार कुठे आहे हेसुद्धा सांगू नका. पंपावरच्या पोरांनाही नाही.

ड्रेसवर सोपं आहे. खाली जाड, रुंद, न वाकणारा पट्टा, त्यावर चाप पूर्ण झाकणारं कडक होल्स्टर, वरून सैल कुर्ता. पातळ पट्ट्यावर 500 ग्रॅमसुद्धा लोंबतं आणि दिवसभर कंबर दुखवतं. लोक हत्यारावर लाखभर घालतात आणि होल्स्टर दोनशे रुपयांचं रेक्झिनचं घेतात, याचं मला फार वाईट वाटतं. मऊ होल्स्टरचा काठ दुमडून चापात शिरतो आणि परत ठेवताना गोळी सुटते. साडीवर खरी पंचाईत आहे. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका बाईंनी परकराला नाडीऐवजी रुंद पट्टा शिवून घेतला होता आणि होल्स्टर डाव्या बाजूला पदराआड ठेवलं होतं. ते चांगलं बसलं, पण काढायला हात आडवा न्यावा लागतो, त्याचा वेगळा सराव हवा. ते जमत नसेल तर अंगावर तिरपी अडकवायची छोटी पाऊच घ्या, जिच्या एका कप्प्यात फक्त हत्यार असेल, आतून कडक होल्स्टर शिवलेलं. त्या कप्प्यात किल्ली नाही, कंगवा नाही, चिल्लर नाही. आणि ती पाऊच अंगावरून उतरली की हत्यार पेटीत गेलं. सीटवर नाही, काउंटरवर नाही.

पंपाबद्दल मला वेगळी काळजी आहे. तिथे डिस्पेन्सरजवळ, टँकर खाली होत असताना, हवेत पेट्रोलची वाफ असते. आपण तिथे बिडी पेटवू देत नाही. गोळीबरोबर नळीतून ज्वाळ निघते आणि चुकलेली गोळी मशीनमध्ये किंवा गाडीच्या टाकीत जाऊ शकते. तेव्हा मनाशी आजच ठरवा, पंपाच्या आवारात हत्यार काढायचं नाही. तिथे कुणी रोकड मागितली तर द्या. रोकडीचा विमा निघतो. गल्ल्यात कमी ठेवा, बाकी दर दोन-तीन तासांनी फटीतून आत पडणाऱ्या तिजोरीत, जिची किल्ली रात्री पंपावर कुणाकडेच नसते. तसा फलकही लावा, चोर वाचतात. रोकड गोळा करून नेणाऱ्या कंपन्यांची सेवा तुमच्या बँकेकडे विचारा. रात्री साडेदहाला तुम्ही एकट्या आणि शेजारी दिवसभराचा गल्ला, ही वेळ बदलली तर हत्याराचं निम्मं काम तिथेच संपतं.

रस्त्यावर पाठलाग झाला तर तुमच्या हातात हत्यारापेक्षा मोठी वस्तू आहे, ती म्हणजे गाडी. काचा वर, दारं लॉक, थांबायचं नाही, "ऑईल गळतंय" ऐकायचं नाही. घराकडे वळायचं नाही, कारण घर कुठे आहे हे त्यांना कळेल. उजेडाच्या धाब्याकडे किंवा पोलीस ठाण्याकडे, आणि 112 ला फोन. एप्रिल 2022 मध्ये नांदेडला एका बांधकाम व्यावसायिकाला स्वतःच्या घरासमोर गाडीतून उतरताना दुचाकीवरून आलेल्या दोघांनी गोळ्या घातल्या. घराच्या दाराशी आपण ढिले पडतो. दारात गाडी लावण्याआधी एक वळसा घाला, आरशात मागे बघा, मग उतरा. जमल्यास घरातल्या कुणालातरी दिवा लावून बाहेर उभं राहायला सांगा.

गोळी कधी चालवता येते हे भारतीय न्याय संहितेत कलम 34 ते 44 मध्ये आहे, ही संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली. एखाद्या वकिलासोबत तासभर बसून ती कलमं समजून घ्या, फी सार्थकी लागेल. मी एवढंच सांगतो की संरक्षणासाठी गरजेपेक्षा जास्त इजा करायला कायदा परवानगी देत नाही. बॅग घेऊन पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घालू नका. तो पळाला म्हणजे तुमच्या जीवाचा धोका संपला, आणि पैसे बुडाले तर बुडाले.

घरात भिंतीला किंवा फरशीला बोल्टने पक्की केलेली लोखंडी पेटी हवी. कपाट चालणार नाही, त्याची किल्ली कुठे असते ते लेकराला माहीत असतं. हत्यार एका कप्प्यात, काडतुसं वेगळ्या कुलुपात. अर्जाबरोबर तुम्ही सुरक्षित ठेवण्याची हमी लिहून दिली आहे, ती कागदापुरती समजू नका. आणि लेकरापासून हत्यार हे गुपित ठेवू नका. गुपिताचा शोध मुलं घेतात. त्याला एकदा तुमच्या हातात, रिकामं, दाखवा. सांगा की आई नसताना असं काही दिसलं, आपल्या घरात किंवा मित्राच्या घरात, तर हात लावायचा नाही, तिथून निघून जायचं आणि मोठ्या माणसाला सांगायचं. दर दोन महिन्यांनी पुन्हा सांगा.

आपल्याकडची धूळ आणि घाम दोन्ही हत्याराचे वैरी आहेत. टायटॅनियमला गंज लागत नाही, पण स्प्रिंग, पिन, स्क्रू पोलादाचेच असतात. उन्हाळ्यात रोज रात्री कोरड्या कापडाने पुसा, आठवड्याला नळीतून पुलथ्रूची दोरी आणि तिला लावलेली फोर-बाय-टू कापडाची पट्टी ओढा, तेलाचं बोट लावून परत पुसा. तेल जास्त झालं की काळ्या मातीची धूळ त्यावर चिकटून चिखल होतो. एक व्यापारी माझ्याकडे पाच वर्षांनी हत्यार घेऊन आले होते. काडतुसांच्या पितळेवर हिरवी बुरशी चढली होती आणि चक्र फिरत नव्हतं. ती पाच वर्षं ते गृहस्थ हत्यार सोबत आहे या भरवशावर लाखोंची रोकड घेऊन रात्री-अपरात्री फिरत होते. बाळगायची काडतुसं दरवर्षी सरावाला वापरून टाका आणि नवी भरा.

सरावाचं आपल्याकडे अवघड आहे, हे मान्य. काडतुसांची संख्या परवान्यावर बांधलेली असते, आणि शेतात, डोंगरात जाऊन बार काढणं गुन्हा आहे. जिल्हा रायफल संघटनेकडे चौकशी करा, परवानगी असलेल्या रेंजवरच चालवा. 10 मीटर एअर पिस्तुलाची रेंज आता बऱ्याच शहरांत आहे. तिथे दोन महिने जा. चाप सरळ मागे ओढणं हीच खरी विद्या आहे आणि ती छऱ्यावरही तशीच शिकता येते. घरी रिकाम्या हत्याराने, डमी काडतुसं घालून, रोज पंधरा वेळा चाप. खरी काडतुसं त्या वेळी दुसऱ्या खोलीत, कुलुपात. पहिल्या दिवशी किमान तीस राऊंड चालवल्याशिवाय हत्यार कंबरेला लावू नका.

बॉर्डरवरून माल आणून देणाऱ्याला मात्र आजच स्पष्ट नाही म्हणा, आणि असा माणूस पंपावर रोकड हाताळत असेल तर त्याचाही विचार करा. सातपुड्यात मध्य प्रदेशाच्या सीमेवरच्या उमर्टीसारख्या ठिकाणाहून येणारी ही गावठी पिस्तुलं असतात, त्यावर "मेड इन यूएसए" असा शिक्का ठोकलेला असतो. मी जप्त केलेली अशी हत्यारं उघडून पाहिली आहेत. नळीच्या पोलादाला नीट पाणी दिलेलं नसतं, ती हातात फुटते. आणि विनापरवाना हत्यार जवळ सापडलं तर दोन ते पाच वर्षं कैद. परवाना एका हत्याराचा असला तरी त्या बेकायदा हत्याराला तो झाकत नाही. उलट हातचा परवानाही जातो.

खरेदीला निघण्याआधी परवान्यावर तीन गोष्टी वाचा. हत्याराचा प्रकार, खरेदीची मुदत आणि क्षेत्र. क्षेत्र महाराष्ट्रापुरतं असेल तर उदगीरच्या पुढे बिदरला जाताना हत्यार घरी. तुळजापूर महाराष्ट्रातच आहे, पण तिथे दर्शनाच्या गर्दीत जातानाही घरी. निवडणुकीच्या आचारसंहितेत जमा करायचा आदेश आला तर वेळेत जमा करून पावती घ्या. खरेदी झाली की बिल आणि हत्यार घेऊन ठाण्यात नोंद करा, परवान्यावर नंबर चढवून घ्या, आणि त्याची झेरॉक्स पेटीत ठेवा.

भाच्याला दुकानात सोबत न्या, हौशी पोरगा आहे, त्यालाही शिकायला मिळेल. पण नाणं ठेवून चाप ओढायचा तो तुम्हीच. आणि होल्स्टर, पट्टा, पेटी यांचे पैसे हत्याराच्या पैशातून आधीच बाजूला काढून ठेवा.